खेळण्यातील विमान आणि नगरचे इंजिन

विजापूरच्या बुरुजावर जी अजस्र तोफ आजही पाहावयास मिळते आणि जिला महाराष्ट्र 'मुलूखमैदान' या नावाने ओळखतो, ती मूळची विजापूरची नव्हे, नगरची आहे. इ. स. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या रुमीखान नामक तुर्काने ती अहमदनगर येथे ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. पुढे साडेचारशे वर्षांनी त्याच नगरात, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे त्या शहराच्या वाहननगर वसाहतीत, एका अगदी निराळ्या यंत्रावर काम झाले. त्याचे वजन होते अवघे ३० किलोच्या आसपास. रुमीखानाला वजनाचे भय नव्हते. जितके धातू अधिक तितकी तोफ बळकट. वाहननगरच्या कारागिरांना मात्र एकेक ग्रॅम शत्रूसारखा भासत असला पाहिजे, कारण त्यांचे यंत्र हवेत जावयाचे होते.

हे यंत्र म्हणजे 'निशांत' नावाच्या वैमानिकरहित विमानाचे इंजिन. त्याची हकीकत यथास्थित समजावी म्हणून प्रथम खेळण्याकडे वळले पाहिजे. माणसावाचून उडणाऱ्या विमानाचा वंश शस्त्रागारात जन्मला नाही. तो खेळण्यांच्या पेटीत जन्मला.

पॅरिस शहरातील त्विलेरी उद्यानात १८७१ च्या ऑगस्ट महिन्यात आल्फॉन्स पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने एक चिमुकले विमान उडवून दाखविले. त्याची लांबी हातभर आणि वजन सोळा ग्रॅम. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर त्याचा पंखा फिरत असे. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले व अलगद उतरले. आत माणूस नसता आणि कोणी सावरीत नसता यंत्राने आपला तोल आपणच राखला, हे त्यातील खरे नवल. पेनोने शेपटीचे पंख किंचित कलते बसविले होते, त्यात त्याचे रहस्य होते. पुढे माणूस नेणाऱ्या विमानाचे आराखडे त्याने सिद्ध केले. परंतु पैसा उभा राहिला नाही, प्रकृती खालावली आणि १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या जीविताचा स्वतःच शेवट केला. मरण्यापूर्वी आपले आराखडे त्याने एका लहानशा शवपेटीत घालून दुसऱ्या एका वैमानिक संशोधकाकडे पोहोचते केले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १८७८ मध्ये, अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांकरिता पेनोच्याच धर्तीचे, रबराच्या पिळावर वर चढणारे एक खेळणे घरी आणले होते. त्या मुलांची नावे विल्बर व ऑर्व्हिल राइट.

वैमानिकरहित विमान म्हटले की मराठी माणसाला शिवकर बापूजी तळपदे यांचे स्मरण होते. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी निर्मनुष्य विमान उडविले, अशी कथा घरोघर सांगितली जाते. ह्या कथेचा अभिमान वाटणे स्वाभाविक असले तरी इतिहासाला पुरावा लागतो, आणि विश्वासास पात्र असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. ह्या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे जात नाही व त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. पेनोच्या सोळा ग्रॅमच्या खेळण्याचे माप, वजन आणि उड्डाणाचा काळ नोंदलेला आहे. इतिहास तेथूनच धरावा लागतो.

पेनोचे विमान एकदा हातातून सुटले की उडविणाऱ्याची सत्ता संपली. ती दूरवर पोहोचविण्याचे काम बिनतारी लहरींनी केले. निकोला टेस्ला याने १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे तारेवाचून हुकूम पाळणारी एक लहान होडी लोकांना दाखविली, तेव्हा आत एखादे शिकविलेले माकड बसविले असावे, असा तर्क काहींनी केला म्हणतात. होडीचे पाण्यावर चालून गेले. विमानाचे तसे चालणारे नव्हते. त्या वेळची बिनतारी यंत्रे, त्यांचे काचेचे दिवे आणि त्यांना पुरणाऱ्या बॅटऱ्या इतक्या जड, की त्या वाहून नेण्याकरिताच मोठे विमान लागावे. १९३५ साली इंग्लंडने असे मोठे विमान केले. 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, या नावाचे ते दुपंखी विमान तोफखान्याच्या निशाणबाजीसाठी होते. 'ड्रोन', म्हणजे नरमाशी, हा आज मुलांच्या तोंडी असलेला शब्द त्या राणीमाशीवरूनच रूढ झाला, असे मानतात.

परंतु हौशी माणसे स्वस्थ बसली नव्हती. अमेरिकेतील कॅलमझू गावचे वॉल्टर व विल्यम गुड हे दोघे जुळे भाऊ. एकाला विमानांचा नाद, दुसऱ्याला बिनतारीचा. १९३७ मध्ये दोघांनी मिळून सुमारे आठ फूट पंखांचे एक विमान बिनतारी हुकुमावर उडविले आणि पुन्हा खाली उतरविले. ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा एक नट चित्रपटांतून उरलेल्या वेळात खेळण्यातील विमानांचे दुकान चालवीत होता. त्याने आपल्या खेळण्यास बिनतारी यंत्र जोडून ते सैन्यापुढे ठेविले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कंपनीची अशी सुमारे पंधरा हजार विमाने निशाणाकरिता तयार झाली. १९४५ मध्ये त्या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन नामक तरुणीचे छायाचित्र एका लष्करी छायाचित्रकाराने घेतले आणि तेथून तिचा रुपेरी पडद्याकडे प्रवास सुरू झाला. जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखते. हा भाग विषयाबाहेरचा खरा; परंतु खेळण्याच्या दुकानातून काय काय निघाले याचा हिशेब करताना तो वगळवत नाही.

ह्या साऱ्या प्रयत्नांत अडचण एकच होती. जितके बळ पाहिजे तितके देणारे इंजिन फार जड, आणि जितके हलके पाहिजे तितके इंजिन फार दुर्बळ. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो. प्रत्येक फेरीस त्याला थांबवून उलट फिरवावे लागते, त्यामुळे हादरे बसतात आणि ते सोसण्याकरिता धातू जाड घ्यावा लागतो. फेलिक्स व्हँकेल या जर्मन संशोधकाने दट्ट्याच काढून टाकला. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेत किंचित आवळलेल्या अंडाकृती पेटीत, एकाच दिशेने फिरत राहतो. त्याच्या तीन बाजूंस क्रमाने इंधन शिरते, दाबले जाते, पेटते व बाहेर पडते. १९५७ च्या फेब्रुवारीत असे इंजिन प्रथम चालले. ते मोटारीत बसविले गेले, आणि मौज अशी की १९७० मध्ये जपानच्या ओ. एस. कंपनीने तेच तत्त्व पाच घनसेंटिमीटरहून किंचित कमी मापात उतरवून खेळण्यातील विमानांकरिता विकावयास काढले.

'निशांत' हे विमान बंगळूरच्या एअरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने सैन्याच्या टेहळणीसाठी सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे ३८० किलो, आणि ते साडेचार तास हवेत राहू शके. त्याला चाके नव्हती. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेने केलेल्या, मोठ्या लष्करी ट्रकवरील यंत्राने ते गोफणीतील दगडासारखे हवेत फेकावयाचे आणि काम झाल्यावर छत्रीने व हवेच्या पिशव्यांवर उतरवावयाचे, अशी योजना. त्यात व्हँकेल जातीचे इंजिन होते, पण ते परदेशातून आणलेले. ज्याचे इंजिन दुसऱ्याच्या हाती त्याचे विमानही निम्मे दुसऱ्याचेच. ऐन प्रसंगी विकणाऱ्याने हात आखडला तर उरलेला सांगाडा शोभेपुरता. म्हणून देशी इंजिनाचा घाट घातला गेला. त्यातील गाभा, म्हणजे विशिष्ट ॲल्युमिनियमचे ओतकाम व आतील पृष्ठावरील निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप, बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने केला. त्याला पेटविणारी व इंधन पुरविणारी व्यवस्था नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेने उभी केली. एरवी रणगाड्यांच्या आणि लष्करी मोटारींच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ५५ अश्वशक्तीचे हे नाजूक काम अंगावर घ्यावे, याचे कौतुक वाटावे तितके थोडे. २००९ मध्ये कर्नाटकात कोलार येथे हे इंजिन लावलेले 'निशांत' उडाले, सुमारे १.८ किलोमीटर उंची गाठून ३५ मिनिटे फिरले आणि एका कोरड्या तळ्यात ठरल्या जागी सुखरूप उतरले.

कथा येथे थांबती तर गोड झाली असती. परंतु सैन्याच्या हाती आलेली चार 'निशांत' विमाने एकामागून एक अपघातांत गेली आणि २०१५ मध्ये पुढील मागणी रद्द झाली. इंजिन सिद्ध झाले आणि ज्याच्याकरिता ते झाले त्या विमानाचीच गरज सरली. नगरच्या लोकांना याची फारशी वार्ता नाही. मुलूखमैदान विजापूरला राहिली तरी निदान तिच्या अंगावर कोरलेला लेख आहे. ह्या इंजिनाची आठवण कोठे कोरलेली नाही.

इकडे खेळण्यातील विमानाने मात्र वजनाचा प्रश्न निराळ्याच वाटेने सोडविला. त्याने पेट्रोलही टाकले आणि लाकूडही टाकले. विसाव्या शतकाच्या अखेरीस हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या. हौशी मंडळींनी संगणकातील तबकड्या फिरविणाऱ्या मोटारी मोडून, त्यांना नवी तार गुंडाळून, चिमुकल्या पण जोरकस मोटारी केल्या. अंगासाठी बाल्सा लाकडाऐवजी फोम आला. युरोपात भिंतींना व फरशीखाली थंडी अडविण्यासाठी लावावयाचे काही मिलिमीटर जाडीचे पत्रे कापून लोक विमाने करू लागले. महाराष्ट्रात हे कसब नवे नव्हते. गणपतीच्या मखरासाठी तापलेल्या तारेने थर्माकोल कापणारे हात गावोगाव होते. २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ते हात रिकामे झाले, ही गोष्ट वेगळी.

असे कसरतीचे फोमचे विमान दीडशे ते अडीचशे ग्रॅम भरते. पंख सपाट पत्र्याचे, त्यांत ताठपणासाठी कार्बनची सळई. ती न मिळाल्यास पतंगाला लावतो तशी कळकाची कामटीही चालते. सुकाणू व पुच्छपंख अंगाच्या मानाने अवाढव्य, आणि पंख्याचा झोत सरळ त्यांवर येईल असे बसविलेले. मोटारीची ओढ विमानाच्या वजनाहून अधिक असते. म्हणून ते नाक आकाशाकडे करून, जणू खुंटीला टांगल्यासारखे, जागच्या जागी उभे राहू शकते. पंख्याच्या झोतामुळे त्याही अवस्थेत सुकाणू हुकूम ऐकते. पेनोने ज्याचे स्वप्नही पाहिले नसेल ते हेच. नवशिक्याची फजिती होते ती निराळ्या कारणाने. विमान त्याच्याकडे तोंड करून येऊ लागले की त्याचा उजवा तो विमानाचा डावा होतो, बोटे चुकतात आणि विमान शेतात.

येथे फोमचा गुण दिसतो. लाकडी विमान पडले की महिन्याची मेहनत काड्यांत जमा होई. फोमचे विमान प्रथम नाकावर आपटते. त्याचा पंखा रबरी कडीने अडकविलेला असल्याने तो मोडण्याऐवजी निसटतो. चेंबलेल्या दाणेदार फोमवर कढत पाणी ओतले तर दाणे पुष्कळसे पुन्हा फुगतात. चीर गेली असेल तर गोंद व चिकटपट्टी पुरते. मात्र गोंद पारखून घ्यावा लागतो, कारण पादत्राणांना लावतात तो द्राव किंवा चटकन चिकटणारा साधा गोंद थर्माकोलच्या जातीच्या फोमला अक्षरशः खाऊन टाकतो. आणखी एक चूक अनुभवी माणसेही करतात. शेपटी तुटली की भरपूर गोंद थापतात. शेपूट तोलबिंदूपासून नाकापेक्षा पुष्कळ दूर. तेथे वाढलेल्या एका ग्रॅमची भरपाई करण्यास नाकाशी तीनचार ग्रॅम लागतात. म्हणून दुरुस्ती झाल्यावर पंखाखाली दोन बोटे धरून तोल पुन्हा पाहावा लागतो. फुगलेली बॅटरी मात्र दुरुस्त होत नाही; ती पेट घेते, आणि माणूस जवळ नसताना ती भारीत ठेवणे म्हणजे घरात निखारा ठेवणेच होय.

ह्या खेळालाही आता कायद्याची चौकट आहे. २०२१ च्या ऑगस्टमधील ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग केले. लाल भागात केंद्र शासनाच्या परवानगीवाचून काहीही उडवावयाचे नाही. नगर ही रणगाडा दलाची शाळा, छावणी आणि खारे कर्जुन्याजवळचे तोफगोळ्यांचे मैदान असलेली भूमी. ज्या शहराने वैमानिकरहित विमानाला इंजिन दिले, त्या शहरातील मुलाला आपले पावशेराचे विमान उडविण्यापूर्वी नकाशा उघडून पाहावा लागतो, आणि बहुधा सायकलवर टांगून, वारा पडण्याच्या वेळी, गावापासून बरेच दूर न्यावे लागते.