मूल कुठे राहते?

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा जर्मनीहून फोन आला. ती तिकडे एका इस्पितळात परिचारिका आहे, नवराही तिकडेच, आणि त्यांची सात वर्षांची मुलगी इथे गावी आजीपाशी राहून आमच्याच शाळेत शिकते. "गुरुजी, पोरीच्या शाळेचा दाखला पाठवा," ती म्हणाली, "इकडे सरकार दर मुलामागे महिन्याला पैसे देते." दाखला मी त्याच दिवशी लिहिला, अक्षर जरा जास्तच वळणदार काढले. दोन महिन्यांनी पुन्हा फोन. अर्ज नामंजूर झाला होता. मूल भारतात राहते, एवढेच कारण. पण तिला लागले ते वेगळेच. तिच्याबरोबर काम करणारी एक रुमानियाची बाई आहे. तिचाही मुलगा गावी आजीकडेच असतो, आणि तिला मात्र पै न् पै मिळते. "असं कसं हो, गुरुजी?"

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि शाळेतून उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेलेला. कायद्यातले मला काय कळणार? पण विद्यार्थिनीने प्रश्न विचारावा आणि मास्तराने हात झटकावेत, हे बरे दिसेना. म्हणून या पैशाचे मूळ शोधीत निघालो.

ते मूळ फ्रान्समध्ये सापडले. पहिले महायुद्ध चालू असता, १९१६ साली, ग्रनोब्ल शहरातील एमिल रोमाने या कारखान्याच्या व्यवस्थापकाने मुलेबाळे असलेल्या कामगारांस पगारावर वेगळा भत्ता देण्याची प्रथा घातली. पण यात एक गोम होती. मुलांमागे पैसे द्यावे लागले, तर मालक सडाफटिंग माणसेच कामाला ठेवणार! म्हणून मालकांनी मिळून एक सामाईक पेढी काढली. सर्वांनी तीत वर्गणी भरायची आणि भत्ता तीतून जायचा. १९३२ च्या कायद्याने फ्रान्समधील मालकांना असल्या पेढ्यांत सामील होणे सक्तीचे झाले.

इंग्लंडमध्ये हीच लढाई एलिनॉर रॅथबोन या बाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ लढवली. आपल्याकडील बालविवाहांवर १९३४ साली पुस्तक लिहिणाऱ्या त्या याच. १९४५ चा कायदा होऊ घातला, तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या हाती देण्याचे कलम होते. बाई अडून बसल्या, आणि पैसे आईच्या हाती पडतील असे करूनच थांबल्या. १९४६ च्या ऑगस्टात दुसऱ्या मुलापासून पुढे दर आठवड्याला पाच शिलिंग सुरू झाले. बाई त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या.

आता खरा पेच. बाप एका देशात राबतो आणि मूल दुसऱ्या देशात वाढते, तेव्हा काय? १९५८ साली युरोपातील सहा देशांनी परदेशी कामगारांच्या हक्कांविषयी नियम केला. पुढे १९७१ च्या नियमात फ्रान्सने आपल्यापुरती सवलत मिळवली: मूल ज्या देशात राहते, त्या देशाच्या दराने पैसे. एक इटालियन कामगार त्याविरुद्ध भांडला, आणि १९८६ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ती सवलत रद्द ठरवली. नियम वरकरणी सर्वांना सारखाच होता, हे खरे. पण परदेशात मुले कोणाची राहणार? परदेशी कामगारांचीच ना!

जर्मनीत तुर्की कामगारांचे काय झाले ते वाचताना मात्र मी फार वेळ थांबलो. १९६१ च्या करारान्वये ते आले. १९७३ साली नवी भरती बंद झाली. आणि १९७५ च्या जानेवारीपासून मुलांच्या पैशाचे नवे दर आले. पहिल्या मुलाला ५० मार्क, दुसऱ्याला ७०, तिसऱ्यापासून १२०. पण मूल तुर्कस्तानात असेल तर पुष्कळच कमी. अनेकांनी मुलांना बोलावून घेतले. कारण तेवढे एकच होते असे नाही. पण आजीच्या अंगणातून उचललेली ती पोरे परक्या भाषेच्या वर्गात कशी बसली असतील, हे मास्तराच्या डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही.

हा वाद पुन्हापुन्हा डोके वर काढतो. ब्रिटनने २०१६ साली असली कपात पदरात पाडून घेतली होती. जूनच्या मतदानाने ब्रिटनच बाहेर पडायचे ठरले, तेव्हा ती बारगळली. ऑस्ट्रियाने २०१९ पासून मुलाच्या देशातील महागाई पाहून रक्कम ठरवली. रुमानियातील मुलाची जवळजवळ निम्मी झाली. तिथल्या म्हाताऱ्यांची उठबस करणाऱ्या किती तरी बाया रुमानिया-स्लोव्हाकियातल्या! २०२२ च्या जूनमध्ये न्यायालयाने तेही रद्द केले. या बाया कर आणि वर्गणी इतरांइतकीच भरतात. शिवाय ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रियात गावोगावची महागाई वेगळी असून तिथे कोणी रक्कम कापीत नाही.

आजचा नियम असा. बाप जर्मनीत आणि आई पोलंडात नोकरी करीत असून मूल आईपाशी असेल, तर आधी पोलंडने द्यायचे आणि जर्मनीने वरचा फरक भरायचा. आई नोकरीत नसेल, तर आधी जर्मनीने. दूरचे मूल जणू तिथेच राहते असे मानायचे. पण हे 'जणू' युरोपीय संघ आणि नॉर्वे, आइसलंड, लिश्टेनश्टाइन, स्वित्झर्लंड एवढ्यापुरतेच. पलीकडे जर्मनीने तुर्कस्तान, मोरोक्को अशा काही देशांशी वेगळे करार केले आहेत. आपल्याशी २०११ साली झालेला, २०१७ पासून अमलात आलेला करार आहे तो म्हातारपणच्या पेन्शनचा; मुलांचे त्यात काही नाही.

हे सारे मी तिला फोनवर समजावून सांगितले. "म्हणजे कर सारखाच, पोर मात्र सारखी नाही," ती म्हणाली. मी गप्प. मग तिने पोरीला तेराचा पाढा येऊ लागला का ते विचारले. येतो म्हटले.

यंदा जूनमध्ये आजी शाळेत आली, शाळा सोडल्याचा दाखला मागायला. पोरीला तिकडे नेणार होते. दाखला हातात घेऊन म्हातारी दारातच घुटमळली आणि मला विचारू लागली, "गुरुजी, तिथल्या शाळेत मराठी बोललं तर मारत नाहीत ना?"