साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

फोनवर मुंबईचा नकाशा उघडा आणि भुलेश्वरवर झूम करा. दोऱ्याचा गुंता व्हावा तशा गल्ल्या दिसतील. आता उत्तरेकडे सरकत दादर पूर्व आणि माटुंगा पार करून किंग्ज सर्कलपर्यंत या. रस्ते सरळ आणि रुंद होतात. मधे पाच बागांचा पुंजका दिसतो, इमारती एकमेकींपासून अंतर राखून उभ्या असतात. एकाच शहराच्या अंगावर हे दोन वेगळे कपडे कसे, या प्रश्नाचा माग काढत मी प्लेगपर्यंत जाऊन पोचलो.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली, गिरण्या आणि बंदर ओस पडायला लागलं. व्यापारच बुडणार म्हटल्यावर सरकार हललं. १८९८मध्ये खास कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालं नव्हतं. रोग राहतो तो अंधारात, ओलीत आणि कोंडलेल्या हवेत, अशी समजूत होती. त्यामुळे औषध ठरलं ते शहर उघडं करण्याचं.

ट्रस्टने दोन आघाड्यांवर काम काढलं. पहिली आघाडी जुन्या शहरात. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या. समुद्रावरचं वारं आत यावं म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते वस्ती चिरत नेले. पण पाडकाम जोरात आणि बांधकाम सावकाश, असा प्रकार झाला. घर गेलेली गरीब माणसं कामाच्या ठिकाणापासून लांब जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्याच चाळीत आणखी दाटीने राहायला गेली. म्हणजे गर्दी हटवण्यासाठी काढलेल्या योजनेने गर्दी फक्त पुढच्या गल्लीत ढकलली.

दुसरी आघाडी शहराच्या उत्तर टोकाला होती. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे तेव्हा भातखाचरं, भाजीचे मळे, ताडामाडाच्या वाड्या आणि मिठागरं होती. ट्रस्टने ही जमीन संपादन करून तिच्यावर योजना क्रमांक ५ आणि ६ आखल्या. आजही सायनमधल्या जुन्या पत्त्यांमध्ये ‘स्कीम नंबर ६’ असं लिहिलेलं सापडतं. माणसं यायच्या आधी रस्ते, गटारं, बागा आणि प्लॉट कागदावर तयार झाले. शेतं कसणाऱ्यांना त्या कागदावर जागा नव्हती. भविष्याचा नकाशा कोऱ्या कागदावर काढल्यासारखा दिसतो, पण तो कागद आधी कोरा करावा लागतो. हे मला या इतिहासातलं सगळ्यांत टोचणारं सत्य वाटतं.

या सगळ्यात मला मोह पडतो तो एका नियमाचा. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. गणित सोपं आहे. तळमजल्याच्या खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे तिरकी रेष काढा. ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी असता कामा नये. हा कोन घेतला की उंची दोन आणि रुंदी एक असं प्रमाण येतं. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मधे निदान वीस फूट मोकळं हवं. यात सगळ्यांत खालच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा विचार आहे. आभाळाचा तुकडा हा त्याचा हक्क मानला गेला, आणि तो कंपासपेटीने मोजता येत होता.

प्लॉट मात्र वर्षानुवर्षं रिकामे पडून होते. साहेबांच्या डोळ्यांसमोर बागबगीच्यांची टुमदार घरं होती. आपल्या मध्यमवर्गाला ती परवडणारी नव्हती. वस्ती खऱ्या अर्थाने भरली ती पहिल्या महायुद्धानंतर, आणि तीही वेगळ्याच रूपात. बंगल्यांऐवजी दोनतीन मजली इमारती आल्या आणि त्यांत ‘ब्लॉक’ आले. स्वतंत्र स्वयंपाकघर, घरातच मोरी आणि संडास. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना संडास उंबऱ्याच्या आत घेणं सोपं गेलं नाही. तरी तेच पुढे ‘चांगल्या घराचं’ लक्षण ठरलं.

कोण कुठे राहील, हेही ठरत गेलं. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी जोशींनी मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. त्यातून दादरची पारसी कॉलनी झाली. शेजारी हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यात दक्षिणेतून आलेले कारकून आणि टंकलेखक स्थिरावले. गिरणी कामगारांच्या वाट्याला वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीच्या २०७ बीडीडी चाळी आल्या: एक खोली, सामायिक संडास. दोन्ही वस्त्या साधारण एकाच काळातल्या. कुणाला कोन मोजून उजेड, तर कुणाला १६० चौरस फूट.

१९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. आता शहराचं भविष्य ‘विकास आराखडा’ ठरवतो. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून हरकती मागवणं बंधनकारक आहे. १९०० साली माटुंग्यातला शेतकरी जमिनीच्या भरपाईसाठी भांडू शकत होता. रस्ता इथूनच का, हे ठरवण्यात त्याला वाटा नव्हता. २०१५मध्ये मुंबईच्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा त्यातल्या चुका बघून हजारो हरकती आल्या आणि सरकारला तो नव्याने करायला लावावा लागला. सुधारित आराखडा २०१८मध्ये लागू झाला.

दरम्यान पुनर्विकासात जुन्या तीन मजल्यांच्या जागी मनोरे उभे राहतायत. मला जुन्या इमारतींचा गहिवर नाही. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला नवं घर मिळायलाच हवं. माझा आक्षेप वेगळा आहे. आज इमारतीभोवतीचं सामासिक अंतर कमी पडलं, तर प्रीमियम भरून सवलत मिळते. ऑर यांच्या कोनात तळमजल्याच्या माणसाचा हक्क होता. आता त्या हक्काला दर लागला आहे, आणि पैसे भरणारा तिथे राहणार नसतो.

तुमच्या शहराचाही आराखडा पालिकेच्या संकेतस्थळावर असेल. आपला वॉर्ड शोधा, घराजवळ मैदान, शाळा किंवा दवाखान्याचं आरक्षण कुठे आहे ते बघा आणि मग तिथे चालत जा. कागदावरचं मैदान जागेवर नसेल, तर ते कधी आणि कुणाच्या सहीने गेलं, हे विचारता येतं. पुढचा मसुदा येईल तेव्हा हरकतीची मुदत थोड्या दिवसांचीच असेल. ती तारीख लक्षात ठेवा.