दिलीप पाडगावकर : परदेशी वार्ताहर ते ग्रंथकार

प्रस्तावना :
आधुनिक भारताच्या इतिहासलेखनात वृत्तपत्रे हे महत्त्वाचे समकालीन साधन मानले जाते. परंतु बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराची दखल इतिहासात क्वचितच घेतली जाते. असा वार्ताहर पुढे ग्रंथकार झाला, तर त्याच्या ग्रंथाला इतिहासाचे साधन मानावे की इतिहास, हा प्रश्न निर्माण होतो. पुण्याचे दिलीप पाडगावकर (१९४४-२०१६) यांच्या कारकिर्दीच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

जडणघडण :
पाडगावकरांचा जन्म १ मे १९४४ रोजी पुणे येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर ते पॅरिसला गेले. तेथे चित्रपटविद्येचे शिक्षण घेऊन १९६८ मध्ये त्यांनी सोर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या उठावाने फ्रान्स हादरले होते आणि त्याच वर्षी वयाच्या चोविसाव्या वर्षी ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे पॅरिस येथील वार्ताहर झाले. १९७८ ते १९८६ या काळात त्यांनी युनेस्कोमध्ये सेवा केली. चित्रपट, फ्रेंच भाषा व युरोपीय राजकारण यांचा हा परिचय पुढे त्यांच्या ग्रंथलेखनास उपयोगी पडला.

संपादक व संकलक :
१९८८ ते १९९४ या काळात ते ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक होते. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारीत दंगली उसळल्या. १२ मार्च १९९३ रोजी बाँबस्फोट झाले. या घटनांवरील आपल्या वृत्तपत्रातील वार्तांकन व भाष्य यांचे ‘व्हेन बॉम्बे बर्न्ड’ हे संकलन त्यांनी १९९३ मध्येच संपादित केले. न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल शासनास १९९८ मध्ये सादर झाला. त्यात दंगलीतील मृतांची संख्या ९०० नोंदविली आहे. अहवालाच्या पाच वर्षे आधीचे हे संकलन त्यामुळे त्या काळाचे प्राथमिक साधन ठरते. मात्र त्यात चौकशीनंतरचा निष्कर्ष नाही, तर घटना घडत असतानाची नोंद आहे. अभ्यासकाने हा भेद विसरता कामा नये.

वार्ताहराचा इतिहासग्रंथ :
२००८ मध्ये त्यांचा ‘अंडर हर स्पेल : रोबेर्तो रोस्सेलिनी इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा इटालियन दिग्दर्शक डिसेंबर १९५६ मध्ये भारतात आला. येथील वास्तव्यातून ‘इंडिया : मातृभूमी’ (१९५९) हा चित्रपट निर्माण झाला. त्यातील एक कथा हिराकूड धरणावरील कामगाराची आहे. परंतु सोनाली दासगुप्ता यांच्याशी जुळलेल्या संबंधांमुळे वृत्तपत्रांतून गदारोळ उठला व चित्रपट बाजूला पडला. पाडगावकरांनी पन्नास वर्षांनंतर हा विषय हाती घेतला. नेहरूकालीन भारताची स्वप्ने व त्याच समाजाच्या नैतिक मर्यादा या एकाच प्रसंगातून त्यांनी दाखविल्या. १९९३ च्या संकलनात घटनेची निकटता हे बळ होते. येथे कालांतर हेच बळ ठरले.

मर्यादा :
पाडगावकरांचे हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. याउलट परदेशी वार्ताहर नसलेल्या गोविंद तळवलकरांनी ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’ यांसारखे ग्रंथ मराठीत लिहिले. त्यामुळे मराठी वाचकाला जगाचा इतिहास तळवलकरांकडून मिळाला. परदेशाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या मराठी पत्रकाराचे ग्रंथ मात्र ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात सहज येत नाहीत. ही उणीव केवळ एका लेखकाची नसून अनुवादाकडे झालेल्या दुर्लक्षाचीही आहे.

निष्कर्ष :
२०१० मध्ये केंद्र शासनाने पाडगावकरांची जम्मू-काश्मीरसाठी संवादक म्हणून नियुक्ती केली. २५ नोव्हेंबर २०१६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीवरून असे दिसून येते की, वार्ताहराचे तत्काळ लेखन हे इतिहासाचे साधन असते. तोच वार्ताहर अंतर राखून आपल्या अनुभवाकडे व जुन्या नोंदींकडे परत वळतो, तेव्हा त्याचे लेखन इतिहासाच्या पातळीवर पोहोचते. इतिहासाच्या अध्यापनात या दोन्ही प्रकारच्या लेखनाचा वेगवेगळ्या निकषांवर उपयोग व्हावा.