मार्शल, विली
मार्शल, विली : (१ डिसेंबर १९३१). अमेरिकन हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील दुय्यम व्यावसायिक लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारे कॅनडियन आइस हॉकीपटू. जन्म ऑन्टॅरिओ प्रांतातील कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावी.

टोरांटो मेपल लीफ्स या संघाशी करारबद्ध झाल्यावर त्यांनी १९५२ मध्ये पिट्सबर्ग हॉर्नेट्सकडून अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळण्यास प्रारंभ केला. त्या काळी नॅशनल हॉकी लीगमध्ये (पहा : नॅशनल हॉकी लीग) सहाच संघ होते, त्यामुळे अनेक कुशल खेळाडूंची कारकीर्द दुय्यम लीगमध्येच गेली. मार्शल यांच्या वाट्याला वरच्या लीगमधील केवळ ३३ सामने आले.

ते मध्य आघाडीवर खेळत. पुढे हर्शी बेअर्स, प्रॉव्हिडन्स रेड्स, बॉल्टिमोर क्लिपर्स व रॉचेस्टर अमेरिकन्स या संघांकडूनही ते खेळले. १९५७–५८ च्या हंगामात १०४ गुणांसह ते लीगमध्ये अव्वल ठरले. त्याच वर्षी आणि १९५९ मध्येही हर्शी संघाने कॅल्डर चषक (पहा : कॅल्डर चषक) जिंकला. १९७२ मध्ये त्यांची कारकीर्द संपली. लीगमधील १,२०५ सामन्यांत त्यांनी ५२३ गोल केले व ८५२ गोलांना साहाय्य केले. आइस हॉकीत (पहा : आइस हॉकी) गोल व साहाय्य यांना प्रत्येकी एक गुण मिळत असल्याने त्यांची एकूण गुणसंख्या १,३७५ होते. सामने, गोल, साहाय्य व गुण हे चारही त्या लीगचे विक्रम होत.

हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस अमेरिकन हॉकी लीग २००३–०४ पासून विली मार्शल पुरस्कार देते. २००६ मध्ये लीगच्या सन्मानदालनातील पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला.