बंदरावर अडवलेली माणसे

धरणगावच्या स्टेशनात उभे राहिले म्हणजे रूळ एकीकडे सुरतेला जातात आणि दुसरीकडे जळगाव-भुसावळला. खानदेशातला कामकरी माणूस पोटासाठी पूर्वीपासून सुरतेच्या बाजूला जात आला आहे. १९९४ च्या सप्टेंबरअखेर मात्र हा ओघ उलटा वाहू लागला. सुरतेत प्लेग निघाल्याची बातमी पसरली आणि यंत्रमागावरची, हिऱ्यांच्या कारखान्यांतली लाखो माणसे चार-पाच दिवसांत शहर सोडून निघाली. त्यांतली पुष्कळशी याच तापीकाठच्या लोहमार्गाने आपापल्या गावी परतली. डब्यातून उतरणाऱ्याकडे गावचा माणूस जरा दुरूनच पाहत होता. ज्याच्या मनिऑर्डरीची काल वाट पाहिली, त्यालाच "दोन दिवस मळ्यात राहा बाबा" असे सांगायची पाळी आली.

ही झाली देशातल्या देशातली गोष्ट. त्याच सुमारास आखातातल्या कित्येक देशांनी भारतातून येणारी विमाने बंद करून टाकली. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की प्रवासावर अशी बंदी घालण्याचे कारण नाही. पण भ्यालेल्या माणसाला आकडे कोण समजावणार? सुटीवर घरी आलेला रत्नागिरीचा एखादा सुतार किंवा गवंडी, ज्याने सुरत जन्मात डोळ्यांनी पाहिली नाही, तोही घरी अडकून पडला. त्याला ताप आहे का, हे कोणी विचारले नाही. पासपोर्ट कुठला, एवढेच पाहिले गेले.

वाचकहो, या दोन प्रश्नांतला फरक मला आजच्या विवेचनात आपल्यापुढे मांडायचा आहे. तू आजारी आहेस काय, हा एक प्रश्न. आणि तू कोण आहेस, हा दुसरा. पहिला प्रश्न वैद्याचा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. दुसरा सरकारी कचेरीचा आहे. साथीच्या दिवसांत दुसरा प्रश्न पहिल्याचा अंगरखा घालून येतो, आणि हे कसे घडते ते पाहायचे तर आपल्याला सव्वाशे वर्षे मागे, दक्षिण आफ्रिकेतल्या डरबानच्या बंदरावर गेले पाहिजे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्या वेळी मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली असे सांगतात. जिकडे माणसे गेली तिकडे भीती आधी पोचली. अशा दिवसांत, नोव्हेंबरच्या अखेरीस, 'कुरलँड' आणि 'नादरी' या दोन आगबोटी मुंबईहून नाताळकडे निघाल्या. दोहोंवर मिळून सुमारे आठशे हिंदी प्रवासी होते. त्यांत एक तरुण बॅरिस्टर, त्याची पत्नी, दोन मुलगे आणि एक भाचा असे कुटुंब होते. बॅरिस्टर म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

१८ डिसेंबरच्या सुमारास बोटी डरबानला लागल्या आणि लगोलग नाताळ सरकारने मुंबई हे साथग्रस्त बंदर असल्याचे जाहीर केले. दोन्ही बोटींवर प्लेगचा एकही रोगी नव्हता. तरी त्या बंदराबाहेर नांगरून ठेवल्या गेल्या. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती की प्लेगचे विष अंगात असले तर ते फार तर तेवीस दिवसांत बाहेर पडते. तेव्हा मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस भरेतो थांबा, असा पहिला हुकूम होता. तेवीस दिवस भरले. मग नवा हुकूम आला. मग आणखी एक. बोटींना धुरी दिली गेली, प्रवाशांची अंथरुणे जाळण्यात आली. शहरातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बोटींवर पांघरुणे पाठवली.

इकडे ४ जानेवारी १८९७ रोजी डरबानच्या टाउन हॉलमध्ये गोऱ्या नागरिकांची सभा भरली. तिच्यातली भाषणे प्लेगविषयी फारशी नव्हती. हिंदी लोकांच्या लोंढ्याविषयी होती. बोटींचा कारभार पाहणाऱ्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीला असेही सुचवण्यात आले की प्रवाशांना परत नेलेत तर नुकसान भरून देऊ. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, रोगाची भीती खरी असती तर ही भरपाईची भाषा निघाली असती काय? तापाला कोणी भरपाई देत नाही!

१३ जानेवारीला प्रवासी उतरले. गांधींना रस्त्यात गाठून जमावाने दगडविटा मारल्या, लाथा-बुक्क्या दिल्या. पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर यांच्या पत्नी वाटेत भेटल्या आणि आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून जीव वाचला. हा प्रसंग आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचलेला असतो. पण त्यानंतर काय झाले, हे सहसा वाचलेले नसते, आणि माझ्या मते महत्त्वाचे तेच आहे.

जमाव पांगला आणि कायदेमंडळ बसले. १८९७ सालीच नाताळात क्वारंटाइनचा नवा कायदा झाला आणि त्याच्या जोडीला देशान्तरितांना प्रतिबंध करणारा दुसरा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्यात हिंदी माणसाचे नावही नाही. मोठा हुशारीचा मसुदा! येणाऱ्याने युरोपातल्या एखाद्या भाषेच्या लिपीत अर्ज लिहून दाखवावा, एवढीच अट. तुकोबांची गाथा मुखोद्गत असलेला आणि मोडीत वह्याच्या वह्या भरणारा माणूस त्या अटीखाली निरक्षर ठरला. ऊसमळ्यांवर करारबंद मजूर म्हणून येणाऱ्याला मात्र ही अट नव्हती. ज्या बंदरातून रोग येईल म्हणून व्यापाऱ्याला आणि कारकुनाला अडवायचे, त्याच देशातला मजूर आणायला हरकत नाही, असा हा न्याय.

त्याच वर्षी लंडनला वसाहतींच्या प्रधानांची परिषद भरली. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी तिथे नाताळचा हा नमुना इतरांना दाखवला. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली त्यावरून आपली श्रुतलेखनाची परीक्षा बसवली. अधिकाऱ्याने एखाद्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचायचा आणि नवागताने तो लिहायचा. कोणती भाषा ते अधिकारी ठरवणार. इंग्रजी येत असेल तर दुसरी कुठलीही काढता येई. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती. एवढ्या काळात डरबानच्या बंदराबाहेर दोन बोटी का अडवल्या होत्या, हे विचारायला कोणी उरले नव्हते.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. अडवणे हे सदैव ढोंग असते, असे मी म्हणत नाही. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मॉरिशसला गेलेल्या दोन जहाजांवर पटकी होती. तिथल्या सरकारने मजुरांना गॅब्रिएल नावाच्या बेटावर उतरवून ठेवले. जहाज अडवण्यात चूक नव्हती. पण बेटावर पुरेसा निवारा नव्हता, पाणी नव्हते, औषध नव्हते. अडीचशेहून अधिक माणसे तिथेच गेली. तेव्हा हिंदुस्थान सरकारने उलट पाऊल उचलले आणि मॉरिशसला माणसे पाठवणेच काही काळ थांबवले. पाठवणाऱ्यालाही दार लावता येते, हे त्या वेळी दिसले. मॉरिशसमध्ये आज जी मराठी घरे आहेत, त्यांचे पूर्वज कोकणातून याच काळात समुद्र ओलांडून गेलेले.

खुद्द प्लेगच्या बाबतीत तर मौज अशी की अडवणारे चुकीच्या प्राण्याला अडवत होते. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की हा रोग उंदराच्या अंगावरची पिसू नेते. म्हणजे बंदरावरचे शिपाई प्रवाशांची बोचकी उकलत होते आणि उंदीर दोरखंडावरून धक्क्यावर उतरत होता! हे ज्ञान झाल्यावर कायदे मागे घेतले गेले काय? नाही. कायद्याला पिसूशी कर्तव्य नव्हते.

इकडे आपल्याकडेही हुकूम निघत होतेच. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना बंदी झाली. युरोपीय राष्ट्रांची आरोग्य परिषद व्हेनिसला भरली होती आणि तिचा डोळा हिंदुस्थानच्या बंदरांवर होता. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारू तपासले जात. पुण्यात रँडचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. गावोगावी लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. तो कायदा जेमतेम चार-पाच कलमांचा, पण चिवट निघाला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी जो कायदा पुकारला, तो हाच.

त्या मार्चमधल्या तारखा आठवून पाहा. ११ तारखेला जागतिक साथ जाहीर झाली. १३ पासून भारताने बहुतेक सारे व्हिसे स्थगित केले. २२ पासून परदेशी प्रवासी विमाने उतरेनाशी झाली. नेहमीची आंतरराष्ट्रीय वाहतूक सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मध्यंतरी ७ मे २०२० पासून सरकारने 'वंदे भारत' या नावाने माणसे आणवली ती वेगळी. आखातात ज्यांची नोकरी गेली, त्यांचा तिथे राहण्याचा परवानाही नोकरीलाच बांधलेला असतो. त्यांची अवस्था भाडेकरूचे घर आणि मळा एकाच दिवशी जावा तशी झाली. अमेरिकेने २२ जून २०२० च्या फर्मानाने बाहेरून येऊ पाहणाऱ्या एच-वन-बी कामगारांना वर्षअखेरपर्यंत मनाई केली, आणि पुढे ती मुदत मार्च २०२१ पर्यंत वाढवली. फर्मानात कारण दिले होते ते रोगाच्या संसर्गाचे नव्हते. साथीमुळे ओढवलेल्या बेकारीचे होते. लग्नासाठी म्हणून जळगाव-धुळ्याला आलेल्या संगणक अभियंत्याचे भाड्याचे घर, गाडी, भांडीकुंडी तिकडे, आणि तो इकडे.

ऑस्ट्रेलियाने १९५८ नंतर आपले धोरण पार बदलले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा त्या देशाने सुमारे दोन आठवडे बंदी केली आणि मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पुढे केली. आमच्याकडे साथ भयंकर होती, हे खरेच. पण इतर देशांतही भयंकर साथी होऊन गेल्या होत्या, आणि तिथून परतणाऱ्या नागरिकाला तुरुंगाची भीती घातली गेली नव्हती.

या सगळ्यांत एक कागद मला फार बोलका वाटतो. पूर्वी परदेशी जाणाऱ्याजवळ देवी टोचल्याचा दाखला असावा लागे. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले आणि थोड्याच काळात तो दाखला मागणे बंद झाले. पीतज्वर अजून आहे, म्हणून त्याचा दाखला काही देशांच्या प्रवाशांना अजून लागतो. हे वैद्याच्या प्रश्नाचे कागद. रोग गेला की ते जातात.

आणि भारताने २०२० साली स्वतःच्या माणसांबाबत काय केले? परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला आपण एक कार्ड देतो. त्यावर त्याला जन्मभर व्हिशाशिवाय येता येईल असे आपले वचन असते. १३ मार्चला ते वचनही स्थगित झाले. आमच्या भागातल्या एका घरचा थोरला मुलगा असा कार्डवाला. एप्रिलमध्ये वडील गेले. धाकट्याने अग्नी दिला; थोरल्याने तो मोबाइलवर, तिकडच्या मध्यरात्री पाहिला. घरात मृत्यू झाला असेल तर कार्डवाल्यांना येऊ द्यावे, अशी सवलत २२ मे रोजी निघाली. तोवर तेरावा होऊन महिना उलटला होता. अस्थींचा गाडगा आईने मळ्यातल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवला होता; थोरला आल्यावर तापीत सोडू, म्हणाली.