जादूगारांची न्यायसभा

दिवाळीच्या फराळाबरोबर हा मास्तर जादूगारांच्या कोर्टकज्जांचे ताट कोठून घेऊन आला, असे वाचक म्हणतील. दोष माझा नाही, सातवीतल्या एका मुलीचा आहे. इतिहासाच्या तासाला ती उठली आणि म्हणाली, "सर, हॅरी पॉटरमधल्या विझेनगामॉटमध्ये फिर्यादी आणि न्यायाधीश एकच कसा हो?" मी ती पुस्तके तोवर उघडलीही नव्हती. सुटीत वाचली, आणि मुलीने नेमके मर्मावर बोट ठेवले होते असे दिसले.

लेखिका जे. के. रोलिंग यांना हे नाव हवेतून सुचलेले नाही. जुन्या इंग्लंडात राजाला सल्ला देणारी शहाण्यांची एक सभा असे. तिचे नाव विटेनागेमोट. बिशप, सरदार, जमीनदार हे तिचे सभासद. निवडणूक नाही, ठराविक जागा नाही, राजा जेथे बोलावील तेथे ती भरायची. ही सभा राजाचे मंत्रिमंडळ होती आणि न्यायालयही होती.

ती न्याय कसा करी? 1051 साली डोव्हर गावात राजाच्या परदेशी पाहुण्याच्या माणसांची गावकऱ्यांशी मारामारी झाली. एडवर्ड राजाने गॉडविन सरदाराला हुकूम केला, गावाला शिक्षा कर. गॉडविन म्हणाला, चौकशीवाचून नाही करणार. हा गॉडविन राजाचा सासरा! सभेपुढे हजर होण्यासाठी त्याने अभयाचा कौल आणि ओलीस मागितले. ते नाकारले गेले, आणि पाच दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी तो गलबतांचा काफिला घेऊन थेट टेम्स नदीत शिरला. तेव्हा त्याच शहाण्यांनी त्याला निर्दोष ठरविले आणि त्याच्या वैऱ्याला, खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपाला, परागंदा जाहीर केले. पुरावा तोच होता. वाढली होती ती गलबते.

आता रोलिंगबाईंची सभा पाहा. जांभळ्या झग्यांतले, छातीवर चांदीचे अक्षर मिरविणारे सुमारे पन्नास सभासद. समोर साखळ्यांची खुर्ची, आणि तीत पंधरा वर्षांचा पोर. आरोप काय, तर अल्पवयात जादू केली. खरे तर साधी सुनावणी एका अधिकारीणबाईंच्या खोलीत व्हायची. पण मंत्री फजसाहेबांनी सबंध फौजदारी सभा भरविली, वेळ नवाची आठ केली, आणि जागाही ऐनवेळी बदलून तळघरात नेली. म्हणजे साक्षीदार उशिरा यावा आणि पोराच्या नावावर गैरहजेरी लागावी! आमच्याकडचे तालुक्याचे कोर्ट ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. फज स्वतःच आरोप वाचतात, स्वतःच उलटतपासणी करतात, आणि शेवटी स्वतःच मत देण्यासाठी हात वर करतात.

तरी पोरगा सुटतो. डंबलडोर वेळेआधीच येऊन बसलेले असतात. आरोपीला साक्षीदार आणण्याचा हक्क आहे हे ते सभेला तिच्याच सनदेतून ऐकवितात. जिवावर बेतले तर जादू क्षम्य आहे, हे कलमही दाखवितात. अमेलिया बोन्स नावाच्या बाई सरळ प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून घेतात. सभेत एवढे एक माणूस असले तरी पुष्कळ होते. निम्म्याहून जास्त हात सुटकेच्या बाजूने वर जातात.

कादंबरीच्या शेवटी मात्र अंगावर काटा येतो. ज्या पिशाच्चांपासून जीव वाचविण्यासाठी पोराने जादू केली, ती धाडणारी अंब्रिजबाई त्या दिवशी न्यायासनावरच, फजसाहेबांच्या शेजारी बसलेली होती.

आणि ज्याच्या बाजूने कोणी डंबलडोर उभा राहिला नाही त्याचे काय? सिरियस ब्लॅकला क्राउच नावाच्या अधिकाऱ्याने खटल्याशिवायच तुरुंगात टाकले. बारा वर्षे तो तेथे होता. आपल्या पोटच्या पोराला मात्र याच क्राउचने सभेपुढे उभे केले, सर्वांसमक्ष शिक्षा ठोठावली. सिरियसच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पुढे तो मेला तो त्याच सरकारी इमारतीत, नवव्या मजल्यावर. न्यायसभेचे दालन तेथून एकच जिना खाली होते.