रबरी नळीतला अडथळा

ऑगस्ट १९८९ मध्ये निसानची स्कायलाइन जीटी-आर जपानी बाजारात आली, तेव्हा कागदोपत्री तिची ताकद होती २८० अश्वशक्ती. बॉनेट उघडलं की टर्बोच्या दाबाचं नियंत्रण करणाऱ्या नळ्यांपैकी एकीत, बारीक छिद्राचा एक इवलासा अडथळा बसवलेला असे. तो काढून नळी परत जोडली की टर्बोचा दाब वाढायचा आणि गाडी अंगात आल्यासारखी पळायची. काम काही मिनिटांचं, खर्च जवळपास शून्य.

कंपनीनेच इंजिन करकचून बांधून का ठेवावं? १९८८ मध्ये जपानमध्ये रस्त्यांवर दहा हजारांहून अधिक माणसं मेली होती आणि सरकारची नजर गाड्यांच्या वाढत्या ताकदीवर होती. कायदा होण्याआधी कंपन्यांनीच आपसांत ठरवून टाकलं की २८०च्या वर कुणी आकडा लावायचा नाही. आकडा लावायचा नाही, एवढंच. आतलं इंजिन कसं असावं, याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आणि ते इंजिन मुळात शर्यतीसाठी घडवलेलं होतं. त्याचं नाव आरबी२६, क्षमता २५६८ सीसी; हा विचित्र आकडा ग्रुप ए शर्यतींच्या नियमांतून आला. टर्बो असेल तर क्षमतेला १.७ने गुणायचं आणि त्यावरून गाडीचा वर्ग, वजन, टायरची रुंदी ठरायची. २.६ लिटर धरलं की हिशेब ४५०० सीसीच्या वर्गात नेमका बसत होता. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, कारण शर्यतीत त्यातून सहाशेच्या आसपास अश्वशक्ती काढायची होती. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार मालिकेतल्या २९च्या २९ शर्यती जीटी-आरनेच जिंकल्या. सहाशेच्या तयारीचं इंजिन २८०वर रेंगाळत ठेवल्यावर गाड्यांची ताकद वाढवून देणारी ट्यूनर मंडळी गप्प बसतील, अशी अपेक्षा निसानमध्येही कुणी केली असेल असं वाटत नाही.

ही मंडळी तोवर चांगली मुरलेली होती. यामाहातले माजी इंजिनिअर हिरोयुकी हासेगावा यांनी १९७३ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी, गाईंच्या गोठ्याच्या शेडमध्ये इंजिनं खोलायला सुरुवात केली. तिथून एचकेएस ही कंपनी उभी राहिली आणि वर्षभरात तिने साध्या गाडीला बाहेरून बसवता येईल असा टर्बोचा संच काढला. जपानी कंपनीची कारखान्यातूनच टर्बो लावलेली पहिली गाडी, निसानची सेड्रिक, यायला १९७९ साल उजाडावं लागलं.

टर्बोचं दुखणं मात्र जुनंच होतं. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण धूर पुरेसा वाहू लागेपर्यंत टर्बो झोपलेला. बीएमडब्ल्यूच्या १९७३ मधल्या ‘२००२ टर्बो’ या गाडीला हीच खोड होती: खालच्या आरपीएमला सुस्त, मग एकाएकी लाथ. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत, खाली पिकअपच नाही. स्वीडनच्या साबने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लहान टर्बो लावून आणि जादा दाब वाटेतच सोडून देणारी झडप वापरून रोजच्या रस्त्यावर चालेल अशी टर्बो गाडी काढली. मोठ्या आकड्यांच्या गोष्टी जास्त रंगतात खऱ्या, पण साबचं काम त्याहून अवघड होतं.

जीटी-आरमध्ये निसानने एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान लावले आणि त्यांची धुराकडची चाकं सिरॅमिकची केली. सिरॅमिक हलकं, म्हणून चटकन वेग घेतं. पण ते ठिसूळही. अडथळा काढून दाब थोडा वाढवला तर ठीक. हाव सुटून आणखी चढवला की चाकाचा चुरा व्हायचा. मग पोलादी चाकांचे टर्बो आले. ते दणकट, पण जड, म्हणजे पुन्हा तीच सुस्ती. शर्यतीच्या गाड्यांसाठी निसाननेही पोलादीच चाकं वापरली. पण शर्यतीत सिग्नलला थांबावं लागत नाही.

पुढची सगळी कारागिरी या एका पेचाभोवती फिरली. दाब वाढला की हवा तापते आणि पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनला तडे जातात, म्हणून ही हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली चिप नव्याने लिहून पेट्रोलचा आणि ठिणगीचा हिशेब बदलायचा. ताशी १८० किलोमीटरला गाडी रोखणारी मर्यादाही त्यातच उडवायची. ताकद पेलायला जाड क्लच घातला की टोकियोच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाची परीक्षा. सगळ्यांत शहाणा उपाय महागडा होता: क्रँकशाफ्ट बदलून इंजिन २.८ लिटरचं करायचं. टर्बो जागा होईपर्यंत इंजिनाच्या स्वतःच्या अंगचा जोर गाडी ओढून नेतो. कागदावरच्या कमाल आकड्यापेक्षा घाटातल्या वळणातून बाहेर पडताना याचा फरक जाणवतो.

कायद्याच्या नजरेत हे सगळं बराच काळ संशयास्पदच होतं. जपानमध्ये ठरावीक वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी होते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. त्याआधी बदललेले भाग उतरवायचे आणि नंतर परत चढवायचे, हा अनेकांचा परिपाठ. १९९५ मध्ये बऱ्याच सुट्या भागांसाठी नियम सैल झाले. ट्यून केलेली गाडी उघडपणे मिरवायला जागा मात्र आधीच मिळाली होती: ‘ऑप्शन’ मासिकाच्या दायजिरो इनादांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं प्रदर्शन, जे पुढे टोकियो ऑटो सलोन झालं.

२८०चा करार २००४ मध्ये उठला आणि होंडाने तीनशे अश्वशक्तीची लेजेंड काढली. तोवर आरबी२६ बनणंही थांबलं होतं. २०१७ च्या अखेरीस निसानने १९८९च्या याच जीटी-आरसाठी, म्हणजे आर३२साठी, बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. त्या पहिल्या यादीत वायरिंग होतं, बॉडीचे पत्रे होते, गाडीवरची नावाची बोधचिन्हं होती. आणि नळ्याही होत्या.